सव्वाअकरा इंचांचा फूट

“सकाळी नऊला सुरुवात, साडेअकराला काम समाप्त, पावणेबाराला चहा,” असं मोजणीसाहेबांनी शनिवारीच जाहीर करून टाकलं. नुसतं जाहीर करून थांबतील तर ते मोजणीसाहेब कसले? तसा कागद तयार केला, खाली सही केली, सहीखाली तारीख घातली आणि कागद फ्रिजच्या दारावर लावला. काम काय, तर घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरची जुनी प्रणाली पुसून तिथं लिनक्स बसवायचं.

हे गृहस्थ जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले आणि भावाभावांची भांडणं इंचावर आणून मिटवली. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, पण एक खोड होती. एकदा स्वतः मोजून पाहिलं की मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरून म्हणाला की चुकतंय, तरी साहेब त्यालाच उलट विचारणार, आपण कुठल्या साखळीनं मोजलंत?

निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, आणि हात नुसते शिवशिवत राहिले. अशात वाचनालयातल्या एका मासिकात त्यांना लिनक्सवरचा लेख सापडला. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरातल्या माणसांनी आपापल्या घरी बसून मिळून केलेली आहे, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी. साहेबांना हे फारच भावलं. जिला एक मालक नाही आणि तरी जिच्यावरून मारामाऱ्या नाहीत, अशी वस्तू त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते शेजारच्या खोलीत शिलाई मशीनपाशी बसलेलं होतं. साहेबांच्या पत्नीला सगळी गल्ली शिवणबाई म्हणते. तीस वर्षं त्या घरात शिवणाचा वर्ग चालवतात. आजवर फ्रॉक, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे असंच काम यायचं. यंदा पहिल्यांदा संगीतशाळेचे मास्तर स्वतः घरी आले आणि वाद्यवृंदासाठी बारा कोट शिवून द्याल का म्हणून विचारून गेले. कार्यक्रम मोठ्या सभागृहात होता. मास्तरांनी गर्द जांभळं कापड निवडलं होतं, आणि दुकानात त्या रंगाचा एकच तागा शिल्लक होता. तो संपला की संपला.

बाईंनी हो म्हटलं खरं, पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. उजवं मनगट वर्षभर दुखत होतं. बारा माणसांचे बारा नमुने खाकी कागदावर वाकून वाकून आखायचे म्हणजे मनगटाची वाटच. एकदा त्या साहेबांना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “हे बारा नीट झाले तर झाले. नाही तर मी आपलं मशीनवर झाकण घालते. हात गेला म्हणायचं.”

 पण लिनक्सवर चालणारा, फुकट मिळणारा असा एक प्रोग्रॅम आहे, त्यात माणसाची मापं घातली की कोटाचा नमुना आपोआप आखला जातो, आणि तो खऱ्या मापात कागदांवर छापून, कागद चिकटवून सरळ कापडावर ठेवता येतो, हे साहेबांनी त्याच मासिकात वाचलं होतं. बायकोचं मनगट वाचवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हेतू इतका चांगला होता, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

रविवारी साडेअकराला संपणारं काम बुधवारी साडेअकराला संपलं. वेळ अचूक होती, फक्त वार चुकला. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात म्हणून साहेबांनी वहीत तीन रकाने आखले होते: आज्ञा, अपेक्षित उत्तर, प्रत्यक्ष उत्तर. तिसरा रकाना लाल शाईनं भरला. मग डेस्कटॉपची मांडणी सुरू झाली. खालची पट्टी त्यांनी आधी डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग वर, आणि शेवटी ती कुठे गेली ते त्यांनाच कळेना. अर्धा दिवस पट्टी शोधण्यात गेला. अखेर सापडली तेव्हा त्यांनी ती जिथल्या तिथे खाली ठेवली आणि बाईंना बोलावून दाखवलं. बाईंनी विचारलं, आधीही ती तिथंच होती ना? साहेब म्हणाले की आधी ती तिथं होती, आता ती तिथं ठेवलेली आहे.

राहिला प्रिंटर. लिनक्सवर प्रिंटर बसवणं म्हणजे महाकठीण, असं त्यांनी जिकडेतिकडे ऐकलेलं. त्यासाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवलेले. शड्डू ठोकून बसले, वायर जोडली, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर प्रिंटर हजर. ना आज्ञा, ना रकाने. साहेब अगदी हिरमुसले. लग्नाला सजून जावं आणि कळावं की लग्न कालच झालं, तसं त्यांना झालं.

आता दोन दिवस हाताशी आहेत म्हटल्यावर माणूस स्वस्थ बसतो थोडाच? त्यांनी चाचणीचं पान छापून पाहिलं. त्या पानाला चारी बाजूंनी एक बारीक चौकट होती, आणि उजव्या अंगाची रेघ छापलीच गेली नव्हती. कागदाच्या अगदी कडेपर्यंत प्रिंटर पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण साहेबांच्या लेखी चौकट म्हणजे हद्द. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही नकाशा हद्दीची रेघ सोडून गेला नव्हता, आणि आता स्वतःच्या घरात जाणार? त्यांनी छपाईच्या खिडकीतली एकेक ओळ वाचली. खाली कोपऱ्यात एक छोटा चौकोन सापडला: ‘पानात बसेल असं लहान करा’. त्यांनी तिथं बरोबरची खूण केली, आणि रोजरोज करायला नको म्हणून ती कायमची करून ठेवली. पुन्हा छापलं. चारी रेघा जागच्या जागी आल्या.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. हद्द सांभाळली गेली, पण प्रमाण गेलं. त्या चौकोनानं सगळं पान शंभराचं चौऱ्याण्णव केलं होतं. एखाद्या पत्राला त्यानं काही बिघडत नाही. पण इथं कोट शिवायचे होते.

साहेबांना मात्र शंकाही आली नाही. उलट प्रिंटर किती बारीक छापतो ते बघावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर एक फुटाची मापपट्टी आखली, इंचाचे सोळा भाग करून, आणि दोन पानांवर छापून जोडली. इतकी रेखीव पट्टी निघाली की त्यांना राहवेना. त्यांनी ती लाकडाच्या एका चपट्या तुकड्यावर चिकटवली, वरून पारदर्शक टेप लावली आणि खिशात पेन अडकवतात तशी ती खिशात अडकवून फिरायला लागले. आपला पोलादी टेप त्यांनी निवृत्त होताना खात्यात जमा केला होता. तेव्हापासून खिसा रिकामा रिकामा वाटत होता, तो आता भरला.

पट्टीनं त्यांनी सगळ्यात आधी काय मोजलं असेल, तर बाईंच्या गळ्यातला टेप. बाईंचा टेप म्हणजे त्यांच्या शिवण शिकवणाऱ्या गुरुबाईंनी दिलेला, पिवळा, कापडी, कडेनं दोरे निघालेला. साहेबांनी पट्टी शेजारी ठेवली. पट्टीचा एक फूट टेपावर भरला सव्वाअकरा इंच.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पट्टीत काहीतरी गडबड आहे. पण साहेब जाणकार होते, आणि जाणकाराची चूकही जाणकारीचीच असते. कापडी टेप वापरून वापरून ताणतो, त्याचा इंच मोठा होतो, हे त्यांनी खात्यात नव्या माणसांना शिकवलेलं होतं. त्यांनी मान हलवली.

“अगं, तुझा टेप गेला.”

बाई म्हणाल्या की याच टेपानं तीस वर्षं शिवलं, कुणाला काही घट्ट झालं नाही की ढगळ झालं नाही. साहेबांनी समजावलं की टेप हळूहळू ताणतो, त्याबरोबर चूकही हळूहळू वाढते, म्हणून ती कुणाला कळत नाही. बाईंनी टेप गळ्यातून काढून दिला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं ठाऊक होतं की स्वयंपाकात हा माणूस ढ आहे, नात्यागोत्यात विसरभोळा आहे, पण मापात कधी चुकत नाही. साहेबांनी टेप एका पाकिटात घातला, पाकिटावर ‘सदोष, वापरू नये’ असं लिहून सही केली आणि पाकीट आपल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं. बाईंना त्यांनी नवा टेप दिला. सहा पानांवर छापून, कापून, एकाला एक चिकटवलेला, साठ इंची, चकचकीत. खास बायकोसाठी केलेली वस्तू म्हणून देताना ते थोडे लाजलेही.

पुढच्या आठवड्यात घरात चमत्कार व्हायला लागले. साहेबांनी दाराच्या चौकटीला टेकून स्वतःची उंची मोजली. जन्मभर पाच फूट सहा इंच असलेले साहेब पाच फूट दहा इंच भरले. त्यांनी त्याचाही उलगडा केला. निवृत्तीनंतर शेताच्या बांधांवर वाकणं बंद झालं, पाठ सरळ झाली, माणूस मोकळा झाला. बाईंनी शांतपणे विचारलं की मग विजार आखूड कशी नाही झाली? यावर साहेब म्हणाले की कापड ताणतं. या घरात जे काही चुकत होतं ते सगळं कापडाचंच चुकत होतं.

मग दोघं मिळून संगीतशाळेत मापं घ्यायला गेले. बाई कागदी टेप लावायच्या, आकडा सांगायच्या, साहेब वहीत लिहायचे. एकेक वादक पुढे येत गेला आणि एकेकाचा चेहरा पडत गेला. ट्रंपेटवाले गृहस्थ म्हणाले की बावीस वर्षं आपली छाती अडतीस आहे, आज चाळीसच्या वर कशी? व्हायोलिनवाल्या बाईंनी तर पुन्हा मोजायला लावलं, आणि पुन्हा तेवढंच भरल्यावर समोर आलेली बिस्किटं परत पाठवली. एकटे मास्तर खूश होते. खांदे रुंदावलेत म्हणजे रियाज लागू पडतोय, असा त्यांनी अर्थ घेतला.

परत येताना बाई रस्त्यात एकदम थांबल्या. म्हणाल्या, “मला ती माणसं अडतिसाची वाटत होती हो.”

साहेब म्हणाले की माणसं अंगानं सुटलेली लवकर दिसत नाहीत, मोजल्यावरच दिसतात.

नमुने छापून झाले. पाने चिकटवताना साहेबांना अगदी नकाशाचे तुकडे जोडल्याचं सुख मिळालं. रेघेला रेघ भिडत होती. चाळीस छातीचा नमुना तयार झाला तेव्हा बाईंनी त्यावर हात ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणली, पुन्हा ताणली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे लहान आहे. हे अडतिसाचं आहे.”

साहेबांनी पट्टी काढली. नमुना मोजला. चाळीस म्हणजे चाळीस, सोळावा भागही इकडचा तिकडे नाही. भरणारच ना, पट्टीही त्याच प्रिंटरची आणि नमुनाही त्याच प्रिंटरचा. दोघं एकाच आईची लेकरं, एकमेकांविरुद्ध साक्ष कशी देतील? मग साहेबांनी बाईंची वीत मोजली. लहानपणापासून बरोबर आठ इंच असलेली वीत साडेआठ भरली. बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं.

“माणूस बघितला तर अडतिसाचा वाटला, टेप म्हणाला चाळीस. नमुना बघितला तर अडतिसाचा वाटतोय, पट्टी म्हणते चाळीस. आता वीतही माझी राहिली नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हात गेला तो गेला, नजरही गेली म्हणायची.”

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि सांगितलं, म्हणूनच तर हा कॉम्प्युटर आहे, आता हाताची आणि नजरेची काळजी करायचं कारण नाही. त्यांना हा दिलासाच वाटत होता.

बाईंनी डोळे मिटल्यासारखं करून कापड कापलं. बारा कोट कापून झाल्यावर कापड बरंच उरलं, आणखी एक कोट निघेल एवढं. वहीतल्या आकड्यांप्रमाणे एवढं उरायला नको होतं. साहेब म्हणाले, ही काटेकोर नमुन्यांची बचत.  बाई आताशा फार बोलत नव्हत्या. वर्गात नाव घालायला आलेल्या दोघींना त्यांनी परत पाठवलं होतं, पुढच्या वर्षी वर्ग असेल की नाही सांगता येत नाही म्हणून. साहेबांना हे नंतर, तिसऱ्याकडून कळलं.

कट उघडकीला आणला तो सुताराने. प्रिंटरसाठी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत एक फळी हवी होती. साहेबांनी जागा पट्टीनं मोजली आणि सुताराला कागदावर लिहून दिलं: छत्तीस इंच, सही, तारीख. सुतार फळी घेऊन आला आणि ती जागेत जाईना. चांगली दोन इंच बाहेर राहिली. साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं की बाबा, काम करताना मापाकडे लक्ष ठेवावं. सुतारही शांत माणूस. त्याने पोलादी टेप काढला, फळी मोजली, छत्तीस. जागा मोजली, चौतीस.

“तुझा टेप ताणला असेल.”

“पोलादाचा आहे साहेब.”

सुतारानं पिशवीतून घडीची लाकडी फूटपट्टी काढली. तीही पोलादी टेपाच्याच बाजूनं बोलली. साहेबांनी आपली पट्टी वर धरली आणि ही कॉम्प्युटरनं आखलेली आहे, असं ठणकावलं. सुतारानं पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “आखली कॉम्प्युटरनं, ते खरं. पण छापली कुणी?”

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. छपाईच्या कोऱ्या कागदांचं पाकीट टेबलावरच पडलं होतं. त्या आकाराचा कागद साहेबांनी चौतीस वर्षं रोज हाताळला होता. त्याची लांबी पावणेबारा इंचाला थोडी कमी, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी एक कोरा कागद काढला आणि त्यावर पट्टी ठेवली. कागद जवळजवळ साडेबारा इंच भरला. टेप ताणतो, माणसं सुटतात, उंची वाढते, पण कोरा कागद निवृत्तीनंतर वाढतो असं साहेबांना स्वतःलाही म्हणवेना.

सुतार दोन इंच कापून, फळी बसवून निघून गेला. जाताना एक शब्द बोलला नाही, आणि साहेबांना तेच जास्त लागलं. ते कॉम्प्युटरपाशी बसले, छपाईची खिडकी उघडली आणि खालच्या कोपऱ्यातल्या त्या चौकोनाकडे बघत राहिले. खूण त्यांनीच केलेली होती. कायमचीही त्यांनीच केली होती. त्यांच्या डोळ्यांसमोरून ते जांभळं कापड गेलं, बारा कोटांचं, कापून झालेलं. आणि बायकोचा हात गेला, आपल्याच वितीकडे बघणाऱ्या बाईंचा.

त्यांचं बोट खूण काढायला निघालं होतं, पण आधी सांगायला हवं असं वाटून ते उठले. लोखंडी कपाट उघडून पाकीट घेतलं, त्यावर पेननं काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या खोलीत गेले. बाई तिसऱ्या कोटाची बाही लावत होत्या. साहेब समोर उभे राहिले आणि खात्यात अहवाल वाचावा तसं सगळं सांगून टाकलं. चौकट, चौकोन, पट्टी, टेप, फळी, कागद. एकही कलम वगळलं नाही.

बाईंनी मशीन थांबवलं.  मग त्यांनी विचारलं, “म्हणजे माझा हात बरोबर होता?”

“बरोबर होता.”

“आणि नजर?”

“तीही. चुकलो मी. तू सांगत होतीस आणि मी तुलाच खोटं पाडत होतो.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, आता कोटांचं आठवलं. त्यांनी घाईनं सांगितलं की ते मास्तरांकडे जातील, सगळा दोष स्वतःवर घेतील. बाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि पदर डोळ्यांना लावून एक वेगळाच प्रश्न विचारला.

“संगीतशाळेत मापं कशानं घेतली मी?”

“त्या कागदी टेपानं.”

“तो कुठे छापला?”

“याच प्रिंटरवर.”

“खूण होती तेव्हा?”

“होती.”

“मग अडतिसाचा माणूस आपण चाळीस लिहिला, आणि चाळिसाचा नमुना त्या प्रिंटरनं अडतिसाचा छापला. कोट बसतील की हो.”

साहेबांनी खुर्ची ओढली. त्यांनी वही काढली, आकडेमोड केली, पुन्हा केली. दोन चुका एकमेकींना बरोबर खाऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी बायकोचा टेप कुलपात टाकला नसता आणि बाईंनी जुन्या टेपानं मापं घेतली असती, तर बाराच्या बारा कोट वाया गेले असते. तेव्हा आपण टेप जप्त केला तेच बरं झालं, असं एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण एकतीस वर्षांच्या संसारात थोडं त्यांनाही कळायला लागलं होतं, म्हणून ते गिळून टाकलं. त्यांनी नुसतं पाकीट पुढे केलं. ‘सदोष, वापरू नये’ हे खोडून खाली लिहिलं होतं: ‘टेप निर्दोष. सदोष इसम खाली सही करणार.’ सही, तारीख.

बाई हसल्या, अगदी मनापासून. टेप गळ्यात घालून त्या पुन्हा मशीनवर बसल्या आणि साहेब कॉम्प्युटरकडे निघालेले बघून त्यांनी हाक मारली. “अहो, बारावा कोट अंगावर चढेपर्यंत त्या खुणेला हात लावायचा नाही. एखादा नमुना पुन्हा छापायची वेळ आली तर?”

पुढचे दहा दिवस साहेबांनी फार सोसलं. चूक समोर दिसते आहे आणि ती दुरुस्त करायची नाही, असा प्रसंग त्यांच्यावर नोकरीत कधी आला नव्हता. ते वाचनालयात जाऊन बसायचे.

तो वेळ बाईंनी सत्कारणी लावला. उरलेल्या कापडाचा त्यांनी गुपचूप तेरावा कोट करायला घेतला, साहेबांसाठी. आपल्यापायी माणूस एवढा खपला, चुकला पण कबूलही झाला, तेव्हा कार्यक्रमाला त्यानं नव्या कोटात यावं असं त्यांना मनापासून वाटलं. साहेब बाहेर गेले की त्या कॉम्प्युटर लावायच्या. वहीतल्या पायऱ्या वाचत वाचत मापं त्यांनी स्वतः घातली आणि नमुना स्वतः छापला. नमुन्यावर हात ठेवला तर हाताला तो लहान वाटला. पण या वेळी बाईंनीच हाताला समजावलं. या प्रिंटरचे नमुने दिसतात लहान, बसतात मात्र बरोबर, हे त्यांनी आता मनाशी पक्कं केलं होतं.

बारा कोट बसले. असे बसले की जणू ती माणसं कोटांसकट जन्माला आली असावीत. ट्रंपेटवाल्यांनी आरशासमोर तीन वेळा गिरक्या घेतल्या आणि सोडलेली साखर पुन्हा सुरू केली. मास्तरांनी पुढच्या वर्षीच्या मोठ्या वृंदाचंही काम बाईंनाच सांगितलं, आणि बाईंनी परत पाठवलेल्या दोघींना निरोप धाडला, वर्गाला या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाईंनी तेरावा कोट पुढे केला.  साहेबांनी हात घातले, खांदे ओढले, आणि बटण लावायला गेले तर बटण आणि काज यांच्यामध्ये चांगलं तीन बोटांचं अंतर. निघायची वेळ झालेली. साहेबांनी पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि बटण लावलं. आपण निवृत्तीनंतर सुटलो, हे त्यांना फार वाईट वाटलं, पण बायकोनं हौसेनं शिवलेला कोट, तक्रार कशी करणार?

सभागृहात पहिल्या रांगेत ते अर्ध्या श्वासावर बसले. वृंद सुंदर वाजला. शेवटी मास्तरांनी शिवणबाईंचं नाव घेऊन त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ज्यांनी मापं अचूक टिपली त्या साहेबांनाही. टाळ्या वाजल्या. साहेब उभे राहिले, सवयीनं छाती पुढे काढली, आणि बटण तुटून टाळ्या थांबता थांबता फरशीवर टणटण उड्या मारत गेलं ते थेट मास्तरांच्या पायापाशी.

खाली बसल्यावर साहेबांनी कोट दोन्ही हातांनी मिटून धरला आणि हळूच विचारलं, “अगं, त्या कागदी टेपानं माझं माप का नाही घेतलंस?”

“तुमचं माप काय घ्यायचं?” बाई म्हणाल्या. “चाळीस. एकतीस वर्षं पाठ आहे मला.”

पाठ असलेलं ते चाळीस कुठल्या टेपाचं, हे समजावून सांगायला साहेबांनी तोंड उघडलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते मिटलं, आणि उरलेला कार्यक्रम हाताची घडी पोटावर घालून मुकाट्यानं ऐकला. घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी प्रिंटरची ती खूण काढली.